‘एक पट्टी वर घ्या’ म्हणजे नक्की किती?

तालमीत कुणी म्हणालं, “जरा एक पट्टी वर घ्या,” की गोंधळ ठरलेला. पेटीवाला काळी एकवरून शेजारच्या पांढरी दोनवर जातो. गाणारीच्या मनात काळी दोन असते. तबलजी हातोडी हातात धरून दोघांचं एकमत व्हायची वाट बघत बसतो. पट्टी म्हणजे पेटीवरची (हार्मोनियमवरची) कळ, आणि गाणाऱ्याचा सा ज्या कळीवर धरला जातो ती जागाही. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत अर्ध्या स्वराचं अंतर असतं. पण बरेच गाणारे ‘एक पट्टी’ म्हणताना पूर्ण स्वर धरतात. त्यामुळे ‘एक वर’, ‘दोन खाली’ अशी भाषा वापरूच नये. सरळ नाव घ्यावं: काळी दोन.

नावं बारा. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, आणि पुन्हा पांढरी एक. पांढरी एक म्हणजे कीबोर्डवाल्याचा सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी सहा म्हणजे ए. नवीन माणूस हमखास फसतो तो मध्ये: पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी नाही, त्यामुळे काळी तीन ही पांढरी तीनच्या शेजारी नसते, ती पांढरी चारच्या पुढे येते. तसंच पांढरी सात आणि वरची पांढरी एक एकमेकींना खेटून आहेत.

नाव नीट सांगितलं तरी काम अर्धंच होतं. ‘काळी एक’ म्हटल्यावर फक्त सा कुठे आहे ते कळतं. गिटारवाला किंवा कीबोर्डवाला विचारतो, “स्केल काय?” आपण सांगतो, “काळी एक.” तो सी शार्प मेजर लावून बसतो, आणि गाणं असतं भैरवीतलं, म्हणजे रे, ग, ध, नी चारही कोमल. पहिल्याच ओळीत त्याचा शुद्ध गंधार (ग) आपल्या कोमल गंधारावर आपटतो. त्याला सा आणि राग (किंवा निदान कोमल-तीव्र स्वर) दोन्ही सांगायला हवेत. दुसरी गफलत मध्यमाची, म्हणजे म ची. ठुमरी, मांड, पिलू, पहाडी, काही नाट्यपदं ‘मध्यमाला सा करून’ गायली जातात, कारण त्यांचा पसारा खालच्या अंगाला जास्त असतो. काळी चारमध्ये गाणारी बाई ही चीज घेते तेव्हा सा जातो तिच्या मध्यमावर, म्हणजे काळी एकवर. “माझी काळी चार” एवढंच सांगून ती बसली आणि साथीदाराने काळी चारचा सा धरला, तर सगळी साथ चुकीच्या ठिकाणी. अशा वेळी “सा काळी एक” असं म्हणावं. ‘माझी पट्टी’ हा शब्दच टाळावा.

आणि सप्तक. बायकांची पट्टी पुरुषांपेक्षा जवळजवळ एक सप्तक वर असते असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झ, आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचा २०८ हर्ट्झ. म्हणजे तिचा सा त्याच्या पंचमावर आहे, बस्स. पट्टी बदलण्याचं निम्मं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. युगलगीताकडे येऊ तेव्हा ते उपयोगी पडेल.

आधी पट्टी ठरवायची कशी ते. मूळ ध्वनिमुद्रण ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गाण्याचा हट्ट बहुतेक वेळा नडतो. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधा, सरगममध्ये लिहा. समजा पद मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या प पासून) तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या म पर्यंत) जातं. हे अंतर अर्ध्या स्वराच्या २२ पायऱ्यांचं, दोन सप्तकांना थोडंसंच कमी. आता गळ्याची खालची हद्द बघा: नुसता हुंकार निघतो ती नव्हे, शब्द स्पष्ट ऐकू येतो ती. ती खालच्या काळी चारवर असेल, तर तिथे मंद्र पंचम ठेवल्यावर सा येतो काळी एकवर आणि तार मध्यम येतो वरच्या काळी तीनवर. काळी तीन नीट लागत नाही, पांढरी चारपर्यंतच आवाज मोकळा आहे, असं दिसलं तर सा पांढरी एकवर आणायचा. मग खालचा पंचम पांढरी पाचवर उतरतो, तो पोचतोय का ते पुन्हा तपासायचं. दोन्ही टोकं बसत नसतील तर वरचं टोक सांभाळा. खालचा स्वर पुटपुटल्यासारखा झाला तरी माइकवर निभावतो. वरचा फाटला की सभागृहभर कळतं. वरचा स्वर आकारात तपासून भागत नाही. गाण्यात तिथे जे अक्षर येतं त्याच अक्षरावर तपासा. ‘आ’वर सहज लागणारा तार गंधार ‘ई’वर आवळतो. शिवाय सकाळी उठल्या उठल्या ठरवलेली पट्टी संध्याकाळच्या कार्यक्रमाला खाली वाटते. गळा तापल्यावरच ठरवावी.

भजनी मंडळातला नवखा गायक वेगळ्याच ठिकाणी अडकतो. वारकरी भजनाच्या पट्ट्या चढ्या असतात, आवाज मोकळ्यावर, टाळ-मृदंगाच्या वर जायचा असतो. गजर तार सप्तकात चढला की पट्टी बदलली असं त्याला वाटतं. पट्टी तीच असते, चाल वर गेलेली असते.

आता पेटी. चेंजर (पट्ट्यांचा साचा सरकवून पट्टी बदलायची सोय) नसलेल्या साध्या पेटीवर पट्टी बदलायची म्हणजे बोटं बदलायची. शुद्ध सप्तकाचा क्रम अर्ध्या पायऱ्यांत २-२-१-२-२-२-१ असा आहे. तो पाठ असला की कुठूनही सप्तक बांधता येतं. सा पांढरी एकवर असेल तर सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर. सा काळी एकवर नेला की रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नी वरची पांढरी एक. सा पांढरी दोनवर असेल तर रे पांढरी तीन, ग काळी तीन, म पांढरी पाच, प पांढरी सहा, ध पांढरी सात, नी वरची काळी एक. काळी चारला रे काळी पाच, ग पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. रियाजाला या चार पट्ट्या आधी पक्क्या कराव्यात: पुरुषांसाठी काळी एक आणि पांढरी दोन, बायकांसाठी काळी चार, आणि तुलनेसाठी पांढरी एक. काळी पाच नंतर आपोआप जमते. अंगठा काळ्या पट्टीवर टाकायची सवय लावू नका. अंगठा लहान पडतो, हात मुरडतो, आणि द्रुत तानेत पुढची पट्टी हमखास निसटते.

मला स्वतःला चेंजरपेक्षा हीच वाट बरी वाटते. पण रात्रीत पाच-सहा गायकांना साथ करणाऱ्याला चेंजर लागतोच, हेही खरं.

स्केल चेंजरमध्ये सूर, म्हणजे पितळेचे रीड, जागचे हलत नाहीत. वरचा पट्ट्यांचा साचा डावी-उजवीकडे सरकतो आणि तीच पट्टी आता शेजारच्या रीडचं झाकण उघडते. एका खाचेला अर्धा स्वर. नऊ, अकरा, तेरा खाचांच्या पेट्या मिळतात. सरकवण्याआधी कपलर (एक पट्टी दाबल्यावर शेजारच्या सप्तकातला तोच सूरही वाजवणारी जोडणी) बंद करायचा, भात्यातली हवा पूर्ण जाऊ द्यायची, पट्टीवर बोट ठेवायचं नाही. मग खिट्टी सोडून साचा हलक्या हाताने सरकवायचा आणि खाचेत ‘टक’ असा बसल्याची खात्री करायची. अर्धवट बसला तर एक पट्टी दाबल्यावर शेजारचे दोन रीड एकदम वाजतात. पेटी बिघडली असं वाटून लोक घाबरतात, पण साचा पुन्हा नीट बसवला की आवाज साफ होतो. कपलर चालू ठेवून सरकवण्याचा प्रकार मात्र महागात पडतो: कपलरच्या तारा वाकतात, आणि मग एक सूर सोडल्यावरही वाजत राहतो. साचा बदलल्यावर तिन्ही सप्तकांतला सा-प एकेकदा वाजवून घ्या. साचा टोकाच्या खाचेत गेला की बऱ्याच पेट्यांत शेवटच्या दोन-चार पट्ट्यांखाली रीडच उरत नाही, त्या मुक्या होतात. खर्जाकडच्या किंवा तार सप्तकातल्या नेमक्या त्याच जागा लागणार असतील तर आधी कळलेलं बरं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चेंजरचा साचा फुगून घट्ट होतो. जोर लावून ढकलायचा नाही, आणि पेटी उन्हात तर मुळीच ठेवायची नाही. लाकूड तडकतं आणि सांधे सुटून हवा गळायला लागते. कोरड्या खोलीत एक-दोन दिवस झाकण उघडं ठेवलं की बहुधा सुटतो.

एक गोष्ट पेटी विकत घेतानाच विचारावी आणि कुणी विचारत नाही: ट्यूनिंग समान अंतराचं आहे की गंधाराचं, म्हणजे एक सा धरून गंधार-धैवत शुद्ध लावलेलं? हार्मोनियम आली युरोपातून. पॅरिसच्या देबाँ या वाद्य बनवणाऱ्याने १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि तिचे बारा स्वर समान अंतराचे लावले जातात. प्रत्येक पायरी १०० सेंटची (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). म्हणूनच ती कुठल्याही पट्टीत सारखीच वाजते, आणि म्हणूनच तिचा कुठलाच गंधार तानपुऱ्याशी पुरता जुळत नाही. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार ३८६ सेंटवर, पेटीचा ४०० वर. शुद्ध धैवत ८८४ ला हवा, पेटी ९०० ला वाजवते. पंचम मात्र ७०२ ऐवजी ७००, तो कुणाला खुपत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दारं बंद केली ती याच तक्रारीवरून आणि पेटीतून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं) निघत नाही म्हणून. ती उघडायला १९७१ उजाडलं. तोवर महाराष्ट्रातल्या नाटकमंडळ्या, कीर्तनं आणि बैठकी पेटीवर व्यवस्थित चालूच होत्या.

काही जाणकार यावर उपाय म्हणून आपल्या पट्टीचा सा धरून बाकीचे रीड घासून घेतात: टोकाकडे घासलं की सूर चढतो, रिव्हेटकडे घासलं की उतरतो. असा लावलेला गंधार कानाला फार गोड लागतो. पण त्या दिवसापासून त्या पेटीची पट्टी एकच. समजा पांढरी एक सा धरून गंधार-धैवत असे शुद्ध लावले, आणि चेंजरने किंवा बोटांनी सा पांढरी दोनवर नेला. आता तुमचा पंचम म्हणजे पांढरी सहा, जी मघाचा ८८४ चा धैवत होती. तुमचा सा आहे मघाचा ऋषभ, २०४ वर. मधलं अंतर ६८०. पंचम हवा ७०२ ला, तुम्हाला मिळाला तब्बल २२ सेंट उतरलेला, आणि पंचम उतरलेला तर साध्या श्रोत्यालाही कळतो. चेंजर इथे काहीच मदत करत नाही, कारण रीड तेच आहेत. दोन-तीन पट्ट्यांत वाजवायचं असेल तर पेटी समान अंतराचीच ठेवा. डॉ. विद्याधर ओक यांच्या बावीस श्रुतींच्या पेटीत खुंट्या ओढून श्रुती (एकाच स्वराची सूक्ष्म वरखाली जागा) निवडता येते, पण तीही एक सा पक्का धरूनच.

पेटी बैठकीत लावता येत नाही, म्हणून बाकी सगळ्यांनी पेटीकडे जायचं. क्रम असा: पेटी, मग तानपुरा, मग तबला. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर नुसतं ‘काळी एक’चं बटण दाबून थांबू नका. जुनी पेटी पाच-दहा सेंट इकडेतिकडे असतेच. बारीक सुराची कळ फिरवून दोघांमधली थरथर थांबेपर्यंत जुळवा.

खरा तानपुरा असेल तर पट्टी बदलणं म्हणजे वेळ देणं. तारेची लांबी तीच ठेवून सूर चढवला की ताण वाढतो, आणि तो कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काळी एकवरून काळी दोनला नेलं तर ताण साधारण २६ टक्के जास्त. मिरजेचा चांगला तानपुरा तेवढं सोसतो. पण पुरुषी काळी एकवरून बायकांच्या काळी चारला नेलं तर ताण सव्वादोन पटीच्या आसपास जातो: तार तुटते, किंवा त्याआधी तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) बसायला लागते. एवढ्या फरकाला बारीक गेजच्या तारा किंवा वेगळा तानपुराच हवा. उलट दिशेने फार उतरवलं तर तार सैल पडून जवारीवर (तारा टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागावर) नुसती फडफडते. थोड्या बदलातही जवारीचा दोरा जागेवर राहत नाही. प्रत्येक तारेखालचा दोरा केसभर मागेपुढे करून गुंजन पुन्हा शोधावं लागतं. तारेवरचे बारीक सूर लावायचे मणी आधी मधोमध आणून ठेवावेत, म्हणजे खुंटी लावल्यावर दोन्ही बाजूंना बारीक हलवायला वाव राहतो. मणी अगोदरच टोकाला असेल तर पुन्हा खुंटीकडे जावं लागतं आणि सगळं पहिल्यापासून. सतारवाला तर सहसा पट्टी बदलतच नाही, तरफाच (मुख्य तारांखालच्या झंकारणाऱ्या तारा) बारा-तेरा असतात.

तबल्याची हद्द तोंडाच्या मापाने ठरते. ढोबळमानाने साडेपाच इंची तोंड पांढरी एक-काळी एकला, सव्वापाच इंची त्याच्या वर काळी दोनपर्यंत, आणि सहा इंचाकडचा ढाला (मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला) काळी चार-काळी पाचला. पुडीची (वरच्या चामड्याची) जाडी आणि शाई (मधला काळा लेप) यांनी हे मागेपुढे होतं. एका तबल्यातून अर्धा ते एक स्वर सुखाने मिळतो. बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या गोफावर): वरून ठोकलं की चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. मोठा फरक बाजूच्या चामडी दोऱ्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांनी. गजऱ्यावरची सोळाही घरं (दोऱ्यांमधल्या जागा) एका सुरात येईपर्यंत समोरासमोरची घरं जोडीने लावत जायचं; एकाच बाजूने फिरत गेलं तर शेवटच्या घरापाशी पहिलं घर सुटलेलं असतं. हद्दीबाहेर चढवला की किनारीपाशी पुडी फाटते, नाहीतर शाईचे खपले सुटतात. बाईची काळी चार आहे आणि तबलजीने एकच सव्वापाच इंची तबला आणलाय, तर तो काळी दोनला, म्हणजे तिच्या पंचमाला लावावा. चीज मध्यमप्रधान असेल (मालकंसात तर पंचमच नाही) तर काळी एकला, मध्यमाला. त्याच तबल्याला काळी चारला खेचण्यात काही अर्थ नाही. वातानुकूलित सभागृहात तबला आणून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, मग लावा. चामडं कोरडं पडून चढतं, आणि पहिल्याच चिजेत पुन्हा ठोकाठोक करावी लागते.

बासरीवाल्याला पट्टी सांगायची ती फोनवर, आदल्या दिवशी. त्याच्यासाठी पट्टी म्हणजे वेगळी बासरी. मोठ्या बासरीचं नाव वरची तीन छिद्रं बंद केल्यावर येणाऱ्या सा वरून पडतं. सगळी बंद केली की त्याच्या खालचा पंचम. हरिप्रसाद चौरसियांमुळे घरोघरी पोचलेली लांब बासरी पांढरी तीनची आहे. नळीतली हवा तापली की सूर अंशामागे सुमारे तीन सेंट चढतो. थंड बासरी पेटीला बरोबर जुळली, तर दहा मिनिटांनी ती वर गेलेली असणारच.

युगलगान हा पट्टीचा खरा कस. तो काळी एक, ती काळी चार. तिच्या पट्टीत त्याला एकतर पाताळात जावं लागतं, नाहीतर वर किंचाळावं लागतं. त्याच्या पट्टीत तिचा अर्धा गळा वाया जातो. सुगम संगीतात पांढरी तीन-पांढरी चारच्या आसपास तडजोड करतात, किंवा संगीतकार तिच्या ओळी मुद्दाम वरच्या अंगाने बांधतो. पंडित जसराजांच्या जसरंगी जुगलबंदीत तडजोड नाही, दोघं आपापल्या पट्टीत आणि वेगवेगळे राग गातात. त्याचा मध्यम हा तिचा सा. तो काळी एक असेल तर ती काळी तीन. त्याने आभोगी घेतला: सा रे ग(कोमल) म ध. तेच स्वर त्याच्या मध्यमापासून मोजा: म झाला सा, ध झाला शुद्ध ग, सा झाला प, रे झाला ध, कोमल ग झाला कोमल नी. ती गातेय कलावती. एकही परका स्वर नाही, साथीच्या पेटीवर बोटं त्याच पाच पट्ट्यांवर.

हे षड्जचालन (स्वर तेच ठेवून सा ची जागा बदलणं), जुन्या भाषेत मूर्च्छना, पेटीवर पाच मिनिटांत करून बघता येतं. फक्त पाच काळ्या पट्ट्या घ्या. सा काळी तीनवर ठेवला तर भूप. काळी चारवर मेघाचे स्वर. काळी पाचवर मालकंस. काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी. मात्र प्रत्येक वेळी तानपुरा त्या त्या सा ला लावा. तो काळी तीनवरच राहिला तर कुठूनही सुरुवात केली तरी कान भूपच ऐकतो.

राहता राहिला कीबोर्डचा ट्रान्सपोज आणि कराओके. ट्रान्सपोजचं बटण अर्ध्या पायऱ्यांनी चालतं: काळी एकचं गाणं पांढरी एकच्या बोटांनी वाजवायचं तर +१, काळी चारचं –४. कार्यक्रम संपला की शून्यावर आणा. काही कीबोर्ड बंद करून चालू केल्यावरही आकडा लक्षात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशीचा वादक अर्धा तास पेटीला दोष देत बसतो. गिटारवाल्याला काळी एकसाठी सी आकार आणि पहिल्या पडद्यावर केपो (सगळ्या तारा दाबून धरणारी पकड), काळी चारसाठी जी आकार आणि पहिल्यावरच. तयार ट्रॅकचा सूर सॉफ्टवेअरने दोन पायऱ्यांपर्यंत वरखाली केला तर खपतो. तीन-चारच्या पुढे तबल्याचा आवाज प्लॅस्टिकच्या डब्यासारखा येऊ लागतो, तेव्हा दुसऱ्या पट्टीतला ट्रॅक शोधा किंवा बनवून घ्या.